काठमांडूला सहलीतला उरलेला दिवस देऊ नका

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचे ठरले की आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या हाती एकच कार्यक्रम पडतो. दुपारी काठमांडूत उतरायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी पशुपतिनाथ आणि बुढानीलकंठ, जेवणापूर्वी स्वयंभू, जेवणानंतर बौद्ध (बौद्धनाथ) इथला स्तूप, वेळ उरलाच तर जुन्या राजवाड्यासमोरचा दरबार चौक, संध्याकाळी ठमेलमध्ये खरेदी, आणि तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बस पोखऱ्याच्या रस्त्याला लागलेली. त्यातच मुक्तिनाथ, चितवन आणि मनोकामना बसवायचे असल्याने काठमांडू या कार्यक्रमात येते ते मुख्यतः विमानतळ तिथे आहे म्हणून. माझे मत असे आहे की हा क्रम मुळातून बदलायला हवा. ज्यांना इतिहास, शिल्प, देवळे आणि जुनी शहरे यांची ओढ आहे, त्यांनी नेपाळच्या पहिल्या सहलीत संपूर्ण आठवडा काठमांडूच्या खोऱ्यालाच द्यावा आणि पोखरा पुढच्या वेळेसाठी ठेवावा.

पोखऱ्याचे सौंदर्य मी नाकारत नाही. पण काठमांडू ते पोखरा हे अंतर जेमतेम २०० किलोमीटरचे असले, तरी डोंगरी रस्ता आणि त्याच्या रुंदीकरणाची कामे यांमुळे त्यात एक अख्खा दिवस जातो, आणि परतीचा आणखी एक. आठ दिवसांच्या सहलीतले दोन दिवस बसच्या खिडकीत घालवून ज्या काठमांडूला आपण धावती भेट देतो, ते मुळात एकच शहर नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. यक्ष मल्ल हा राजा १४८२ मध्ये वारला आणि त्यानंतर त्याच्या वंशजांत खोऱ्याची वाटणी होऊन काठमांडू, पाटण आणि भक्तपूर अशी तीन राज्ये उभी राहिली. शेजारच्या राजाने देऊळ बांधले की आपण त्याहून देखणे बांधायचे, अशी जवळजवळ तीनशे वर्षे चढाओढ चालली. पृथ्वीनारायण शाहाने १७६८ मध्ये इंद्रजात्रेच्या उत्सवात काठमांडू घेतले, पाठोपाठ पाटण आणि १७६९ मध्ये भक्तपूर घेतले, आणि ती चढाओढ थांबली. म्हणून आज तिथे एकमेकांपासून हाकेच्या नाही तरी तासाभराच्या अंतरावर तीन स्वतंत्र राजधान्या, तीन राजवाडे आणि तीन दरबार चौक आहेत. युनेस्कोने १९७९ मध्ये या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो सात ठिकाणांना मिळून: हे तीन दरबार चौक, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण. हे सारे एका दिवसात उरकणे म्हणजे काहीच न पाहणे होय.

माझा दुसरा आग्रह वेळेबद्दल आहे. पर्यटकांच्या बस दरबार चौकात पोहोचतात त्या अकराच्या सुमारास, आणि तेव्हा तिथे प्रामुख्याने इतर पर्यटकच असतात. ही शहरे वसवणाऱ्या नेवार समाजाची माणसे मात्र चौकात येतात पहाटे आणि दिवेलागणीला. सकाळी सहा-साडेसहाला पाटणच्या मंगळ बाजारात, म्हणजे तिथल्या दरबार चौकात, उभे राहिले की फुले, अक्षता आणि कुंकू भरलेली ताम्हणे घेऊन बायका एका देवळातून दुसऱ्या देवळात जाताना दिसतात, भीमसेनाच्या मंदिरातली घंटा वाजत असते, आणि चौकाच्या पातळीपासून पायऱ्या उतरून गेल्यावर लागणाऱ्या मंगहिटी या पाणवठ्यावर मगरीच्या तोंडाच्या तीन दगडी धारांखाली पाणी भरणे चालू असते. ही हिटी सहाव्या शतकातली मानली जाते. वरचा राजवाडा त्यानंतर हजारभर वर्षांनी आला. ही गोष्ट कोणत्याही माहितीफलकापेक्षा त्या पायऱ्यांवर दहा मिनिटे बसून अधिक नीट कळते.

पाटणला मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेले कृष्णमंदिर संपूर्ण दगडी असून त्याला एकवीस शिखरे आहेत. त्याच्या मजल्यांवरच्या पट्ट्यांत खाली महाभारत आणि वर रामायण कोरले आहे, आणि आपल्या मुलांना त्यातले प्रसंग ओळखायला सांगितले तर तास कसा जातो ते कळत नाही. समोरच राजवाड्याच्या केशवनारायण चोकात पाटण संग्रहालय आहे. १९९७ मध्ये ते सुरू झाले. मूर्तीच्या मुद्रा, वाहने आणि आयुधे पाहून देवता कशी ओळखायची, तांब्याचा पत्रा ठोकून उठाव कसा आणतात, मेणाचा साचा करून धातूची मूर्ती कशी ओततात, हे तिथे टप्प्याटप्प्याने मांडलेले आहे. म्हणून हे संग्रहालय सहलीच्या अगदी सुरुवातीला पाहावे, पुढच्या प्रत्येक देवळात त्याचा उपयोग होतो. मूर्ती घडवण्याचे हे काम पाटणच्या गल्ल्यांमधल्या घरांत आजही चालते आणि तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो.

याच चौकात भूकंपाची खूणही दिसते. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसे गेली, आणि पाटणचे चारनारायण व हरिशंकर ही दोन मंदिरे पूर्ण कोसळली. स्थानिकांनी आणि कारागिरांनी ढिगाऱ्यातून कोरीव खांब, तुळया आणि छज्जाखालचे टेकू वेचून राजवाड्याच्या आवारात रचून ठेवले आणि पुढे त्यांतूनच मंदिरे पुन्हा उभी केली. आज जवळ जाऊन पाहिले तर शतकांच्या तेल-धुराने काळपट झालेल्या लाकडात फिकट रंगाचे नवे लाकूड सांधलेले दिसते. नव्या तुकड्यावर जुन्याच्याच वेलबुट्टीची रेष पुढे ओढलेली असते, आणि सांधा मात्र लपवलेला नसतो. मला हे काम अतिशय प्रामाणिक वाटते. आपल्याकडे जुन्या वाड्यांची आणि देवळांची जी अवस्था आपण करतो, जीर्णोद्धाराच्या नावाखाली संगमरवरी फरशा आणि ऑइलपेंट ज्या सहजतेने चढवतो, ते पाहता महाराष्ट्रातल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी तो सांधा एकदा डोळ्यांनी पाहून यावा असे मला कळकळीने वाटते.

काठमांडूतल्या काष्ठमंडपाची कथाही अशीच आहे. ज्या वास्तूवरून शहराला नाव मिळाले ती भूकंपात भुईसपाट झाली. नंतरच्या उत्खननात तिचा पाया सातव्या शतकापर्यंत मागे जातो असे दिसून आले. पुनर्बांधणीत आधुनिक साहित्य वापरायला नागरिकांनी विरोध केला आणि अखेर लाकूड, वीट आणि माती यांतूनच ती उभी राहिली. राणीपोखरी या प्रताप मल्लाच्या सतराव्या शतकातल्या तलावातही सिमेंट-काँक्रीट वापरायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी ते काम थांबवायला लावले. काठमांडूत दोन ठिकाणांमधले अंतर गाडीने न कापता राणीपोखरीपासून असन बाजारातून, इंद्रचोकातून हनुमानढोका या जुन्या राजवाड्यापर्यंत पायी चालत जावे. सहा रस्ते जिथे मिळतात त्या असनमध्ये अन्नपूर्णेचे लहानसे मंदिर, भोवती धान्य, मसाले, सुके मासे आणि पितळी भांड्यांची दुकाने. थोडे पुढे जनबहाल नावाच्या चौकात पांढऱ्या मच्छिंद्रनाथाचे देऊळ. नाथ संप्रदाय ज्यांच्या घरी आहे त्यांना हे ठाऊक असावे की पाटणचा तांबडा मच्छिंद्रनाथ तिथे पावसाचा देव मानला जातो आणि वैशाखाच्या सुमारास त्याचा उंच रथ रस्त्यांवरून ओढतात. हनुमानढोक्याच्या आवाराशेजारी, जिवंत देवी म्हणून पूजल्या जाणाऱ्या कुमारीचे निवासस्थान, कुमारीघर आहे. १७५७ मध्ये जयप्रकाश मल्लाने ते बांधले. तिथे कुमारीचे छायाचित्र काढायला मनाई आहे आणि ती आपण मनापासून पाळावी, कारण खिडकीत येते ती एक लहान मुलगी असते.

भक्तपूरला मात्र दिवसाची फेरी मारून परतू नये. तिथे मुक्कामच करावा. शहर काठमांडूच्या पूर्वेला तेरा-चौदा किलोमीटरवर आहे म्हणून बहुतेक जण दुपारी जाऊन संध्याकाळी परततात आणि नेमकी तीच वेळ हुकते जेव्हा गर्दी ओसरते आणि पाटीवर, म्हणजे रस्त्याकडेच्या उघड्या ओसरीवर, म्हातारी मंडळी झांजा-मृदंग घेऊन भजनाला बसतात. भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधलेले न्यातापोल हे पाच मजली मंदिर १९३४ आणि २०१५ या दोन्ही भूकंपांत उभे राहिले. त्याच्या पाच चौथऱ्यांवर पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना जयमल आणि फत्ता हे पैलवान, मग हत्ती, सिंह, शार्दूल आणि सर्वांत वर दोन देवता आहेत, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान समजली जाते. हेच दोन पैलवान गावाच्या दुसऱ्या टोकाला, तचपाल चौकात, दत्तात्रेय मंदिराच्या दारातही उभे आहेत. यक्ष मल्लाच्या काळात पंधराव्या शतकात बांधलेले हे तीन मजली मंदिर, त्याच्यासमोरचा गरुडस्तंभ आणि शेजारच्या पुजारी मठाची मोराची खिडकी पाहायला गाणगापूर-नृसिंहवाडीची वारी करणाऱ्या मराठी माणसाने आवर्जून जायला हवे. आश्चर्य म्हणजे आपल्याकडच्या सहलींच्या कार्यक्रमांत या दत्तमंदिराचा उल्लेखही बहुधा नसतो.

तलेजू भवानीबद्दलही तेच. ही मल्ल राजांची कुलदेवता असून तिन्ही राजवाड्यांत तिची मंदिरे आहेत, आणि आपल्या तुळजाभवानीशी तिचे नाते जोडले जाते. काठमांडूचे तलेजू मंदिर महेंद्र मल्लाने १५६४ मध्ये उभारले. सामान्य भाविकांसाठी ते वर्षातून एकदाच, दशैंच्या नवमीला उघडते. दशैं म्हणजे आपले नवरात्र-दसरा. त्या दिवसांत लोक गावी गेल्याने शहर रिकामे होते आणि पुष्कळ दुकाने बंद असतात, तेव्हा ज्यांना तलेजूचे दर्शन हवे आहे त्यांनीच ते दिवस निवडावेत. इतरांनी दसऱ्यानंतरचा, दिवाळीच्या आसपासचा आणि नोव्हेंबरचा काळ धरावा. तेव्हा हवा स्वच्छ असते आणि सकाळी उत्तरेला हिमशिखरे दिसतात. जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात. मार्च-एप्रिलमध्ये वणव्यांच्या धुराने खोरे भरून जाते, हे दम्याच्या रुग्णांनी विशेष लक्षात घ्यावे.

पशुपतिनाथाविषयी वेगळे सांगायला नको, पण वेळ मात्र नीट ठरवावी. दुपारी गाभाऱ्याचे दर्शन बंद असते, म्हणून पहाटे दर्शन घ्यावे आणि संध्याकाळच्या बागमती आरतीसाठी पुन्हा यावे. कातडी वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. आर्यघाटावर चिता जळत असतात. तिथे आप्तांना निरोप देणाऱ्या कुटुंबांसमोर मोबाइल उंचावून उभे राहणारे पर्यटक मी पाहिले आहेत, आणि त्यांत मराठी बोलणारेही होते. हे थांबलेच पाहिजे. बौद्धला संध्याकाळी जावे, उजवी घालत प्रदक्षिणा करावी आणि तिबेटी वृद्धांच्या चालीने चालावे. स्वयंभूच्या पूर्वेकडच्या ३६५ पायऱ्या ज्यांना झेपणार नाहीत त्यांच्यासाठी मागच्या बाजूने बरेच वर गाडी जाते. चांगुनारायणला गर्दी सर्वांत कमी असते, आणि मानदेव राजाचा इ. स. ४६४ चा शिलालेख तिथेच आहे.

खाण्याबद्दल माझी एक तळमळीची विनंती आहे. बरोबर स्वयंपाकी नेऊन रोज वरण-भात-भाजी देणाऱ्या सहली ज्येष्ठांना सोयीच्या असतात हे मान्य. तरी एक-दोन जेवणे तरी नेवारी घ्यावीत. मांस-अंडे न घातलेली तांदळाच्या पिठाची चतांमरी, तसाच उडदाचा किंवा मुगाचा बारा आणि भक्तपूरचे मातीच्या भांड्यात लावलेले जुजू धौ हे दही शाकाहारी माणसालाही निर्धास्त खाता येते.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्याच आहेत. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ हवे. १५ ते ६५ वयाच्या माणसांचे आधार कार्ड तिथे चालत नाही आणि त्यापायी विमानतळावरून परत फिरावे लागलेली माणसे मला माहीत आहेत. भारतीय एका रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे, त्यामुळे भाव सांगताना रुपये कोणते, हे आधी विचारावे. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. दरबार चौकांच्या प्रवेशशुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, म्हणून तिकीट घेताना ओळखपत्र दाखवावे. हिंदी सर्वत्र समजते, पण 'दाइ' (दादा) आणि 'दिदी' (ताई) अशी हाक मारून बोलावे. हुकमी स्वरातल्या हिंदीबद्दल तिथल्या लोकांच्या मनात नाराजी आहे आणि ती रास्त आहे.

ज्यांचे ठरीव कार्यक्रमाचे पैसे आधीच भरून झाले आहेत, त्यांनी सहल आयोजकाशी आताच बोलावे. पोखऱ्याची एक रात्र कमी करून ती भक्तपूरला देता येईल का, काठमांडूतली फेरी दोन सकाळींत विभागता येईल का, आणि बस अकराऐवजी सातला निघेल का, हे तीन प्रश्न सर्व सहप्रवाशांनी मिळून विचारले तर आयोजकांना ते सहसा नाकारता येत नाहीत, कारण यात त्यांचा खर्च फारसा वाढत नाही. तेही जमले नाही तर खरेदीसाठी ठेवलेली संध्याकाळ सोडून द्यावी आणि टॅक्सी करून बागमतीपलीकडे पाटणला जावे.