‘स्ट्रिंगच तर जोडायचीय!’ म्हणणाऱ्यांसाठी

हिंजवडी-खराडीच्या डेव्हलपर मंडळींत एक मेसेज जोरात फिरतोय: “वेब सर्व्हिसला लायब्ररी कशाला? एचटीटीपी म्हणजे शेवटी मजकूर. सॉकेट उघडा, स्ट्रिंग जोडा, पाठवा. हलकं, फास्ट, आणि आत काय चाललंय तेही कळतं.” (लायब्ररी म्हणजे तयार कोड, एचटीटीपी म्हणजे वेबवर मागणी-उत्तर पाठवायची पद्धत, सॉकेट म्हणजे दोन संगणकांमधली जोडणी, स्ट्रिंग म्हणजे मजकुराचा तुकडा.) यातला एकेक दावा बघू.

“शेवटी मजकूर.” नाही, बाइट्स. ‘पुणे’ या शब्दाची लांबी पायथन ही भाषा ४ सांगते, कारण ती काना-मात्रा-उकारही वेगळे मोजते. यूटीएफ-८ या मजकुराचे बाइट्स करायच्या पद्धतीत तो १२ बाइट्स घेतो. कंटेंट-लेंग्थ या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराची लांबी सांगणाऱ्या वरच्या ओळीत, बाइट्स मोजायचे असतात. तिथे ४ लिहिलंत की सर्व्हर ‘प’चे तीन बाइट्स आणि उकाराचा एक उचलून थांबतो. कनेक्शन चालू असेल तर उरलेले ८ बाइट्स पुढच्या रिक्वेस्टची सुरुवात समजले जातात, आणि खापर भलत्याच कॉलवर फुटतं. टेस्ट डेटा इंग्रजी असला तर एक अक्षर म्हणजे एकच बाइट, त्यामुळे यातलं काहीच दिसत नाही. असला कोड प्रॉडक्शनला बिनबोभाट पोचतो तो यामुळेच.

“स्ट्रिंग जोडा.” सदाशिव पेठेतलं ‘जोशी & सन्स’ सोपच्या (SOAP, वेब सर्व्हिसशी बोलायची एक पद्धत) एक्सएमएलमध्ये जसंच्या तसं घाला, ते वाचणारा पार्सर तिथेच आडवा, कारण एक्सएमएलमध्ये & ला खास अर्थ असतो. यूआरएलमध्ये ‘कर्वे रोड’ तसंच टाकलं तर मधल्या स्पेसने रिक्वेस्टची पहिली ओळच मोडते. फॉर्ममधल्या मोबाइल नंबरातलं अधिकचिन्ह पलीकडे स्पेस होऊन उतरतं.

“फास्ट.” वेळ जातो कनेक्शन उभं करण्यात: टीसीपीची (मूळ जोडणीची) सर्व्हरपर्यंत एक फेरी, वर टीएलएस या सुरक्षेच्या थराच्या, आवृत्ती १.२ असेल तर दोन किंवा १.३ असेल तर एक. बरी लायब्ररी उघडलेलं कनेक्शन पुन्हा वापरते. घरगुती कोड बहुधा दर कॉलला नवं उघडतो.

“हलकं.” एका गेट कॉलसाठी (नुसती माहिती मागवण्यासाठी) अख्खं फ्रेमवर्क ओढणं वेडेपणाच. पण जावा ११ पासून एचटीटीपी क्लायंट भाषेसोबतच येतो की!

“आत काय चाललंय कळतं.” हे मात्र मान्य. कर्ल हे कमांड-लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन घ्या, हेडर वाचा. जुन्या सर्व्हिसची डब्ल्यूएसडीएल (तिचं वर्णन करणारी फाइल) मोडकी असेल तर सोपचं एन्व्हलप, म्हणजे निरोपाचं बाहेरचं एक्सएमएल, हाताने बांधावंही लागतं. तेव्हाही नावं-पत्ते एक्सएमएल बिल्डरकडूनच भरून घ्या.

लायब्ररीला नावं ठेवायचीच तर टाइमआउटवरून, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची त्या मर्यादेवरून, ठेवा. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी टाइमआउट दिला नाही तर ताटकळत बसते. आणि टाइमआउटनंतर पेमेंटचा पोस्ट (माहिती पाठवणारी रिक्वेस्ट) पुन्हा मारायचा का, हे तुम्हालाच ठरवावं लागतं: पहिला पोचलेला असला तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जातील.