हारासाठी माणूस पाहिजे

मी मालिकांचं कास्टिंग करते, म्हणजे भूमिकांसाठी नट शोधते. हिरो मिळतो, हिरोईन मिळते, खाष्ट सासू तर अंधेरीत जिथे ऑडिशनला नटांची गर्दी असते त्या आराम नगरच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून हाक मारली तरी चार येतील, पण हिरोचा वारलेला बाप काही केल्या मिळत नाही. म्हणजे तो भिंतीवरचा, चंदनाचा हार घातलेला, ज्याच्यासमोर उभी राहून आई "अहो, बघताय ना" म्हणते तो. मराठी मालिकेत हा फोटो लागतोच, कारण बाप जिवंत असला तर अर्धे प्रॉब्लेम दुसऱ्या एपिसोडला सुटतील आणि मग आम्ही सगळ्यांनी खायचं काय.

तर झालं असं की चॅनेलकडून ब्रीफ आला. वय पंचावन्न, चेहरा सात्त्विक पण करारी, नाक हिरोसारखं, आणि बघताक्षणी वाटलं पाहिजे की हा माणूस गेल्यामुळे घराचं वाटोळं झालंय. मी म्हटलं फोटोच तर आहे, संध्याकाळपर्यंत देते. तर क्रिएटिव्ह मॅडम म्हणाल्या, "ऑडिशन पाठव." फोटोची ऑडिशन?? तर म्हणे पुढेमागे फ्लॅशबॅक आला तर.

टाकला मेसेज सगळ्या ग्रुपवर, 'हार घातलेल्या फोटोसाठी पुरुष कलाकार हवा', आणि कॅलेंडर काही बघितलं नाही. पितृपक्षाचा दुसरा दिवस.

एकाने कळवलं फोटो देतो पण हार नको, खाली साधं फूल ठेवा. एक म्हणाला आधी दोन सीन जिवंत करू द्या मग खुशाल मारा. तिसऱ्याच्या बायकोने फोन हिसकावून घेतला आणि मला सुनावलं, "आमच्या सासूबाई रोज सातला तुमचंच चॅनेल लावून बसतात, मुलाला हार घातलेला दिसला तर त्यांना खरोखरचा घालायची वेळ येईल, कळतंय का तुम्हाला?" कळत होतं हो, पण शूटिंग सोमवारपासून होतं.

ज्याला सांगावं तो म्हणतो एआयने बनव ना. बनवला. तो बाप इतका चकचकीत आला की हिरोच त्याचा थोरला भाऊ वाटायला लागला. नेटवरून उचलायचा म्हटलं तर तो कोणाचा तरी खराखुरा बाप, उद्या त्याची मुलं दारात. आई अजूनही शेजारच्यांना सांगते की "ती सिरियलीत माणसं पुरवते", अगदी मुकादमासारखं. मी तिला तोऱ्यात सांगितलं की अगं ९८व्या ऑस्करपासून कास्टिंगला वेगळं बक्षीस ठेवलंय, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांच्याकडे भिंतीवर फोटो लावत नसतील."

शेवटी जे पाच-सहा धाडसी काका तयार झाले त्यांना नियम पाठवले, फोन आडवा धरा, मागे मोकळी भिंत, आधी इंट्रो म्हणजे नाव, वय, उंची, मग लेफ्ट प्रोफाइल, राइट प्रोफाइल. सगळ्यांनी फोन उभा धरला. एकाच्या मागे कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तो सात्त्विक चेहरा करून थांबलाय, गॅस बंद करायला उठला आणि व्हिडिओ तिथेच संपला. एकाने प्रोफाइल मागितली म्हणून फेसबुक प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात डीपीला गणपती.

आणि मग सांगलीचे एक काका मिळाले. बँकेतून रिटायर, राज्य नाट्य स्पर्धेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे पहिला प्रश्न असा की "ताई, हा माणूस कशानं गेलाय? त्यावर डोळे ठरतील." मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या ते अजून लिहिलं नाहीये. तर काकांनी तीन फोटो पाठवले, एक हार्ट अटॅकचा, एक अपघाताचा आणि एक मुलानं दगा दिल्याचा. मला तिन्ही सेम वाटले. चॅनेलने अपघाताचा अप्रूव्ह केला.

पैसे बिल लावल्यापासून ९० दिवसांनी, हे सांगताना दरवेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत येतील ना?"

लागला फोटो भिंतीवर. तीन महिने बरे गेले, पण गुरुवारी रेटिंग यायचं आणि दर गुरुवारी थोडं थोडं खाली. अशाच एका गुरुवारी रात्री अकराला मॅडमचा फोन, एकदम उत्साहात, "बाबा जिवंत आहेत! गेलेच नव्हते, अपघातात फक्त स्मृती गेली होती. सोमवारपासून डेट्स घे." मी सांगलीला फोन लावला.

"येतो की," काका म्हणाले, "पण एक अडचण आहे. मधल्या काळात मी दुसऱ्या चॅनेलवरही वारलोय. तिथं विचारावं लागेल."

मागून काकूंचा आवाज आला, "आधी विचारा, आता तरी तो हार काढणार का?"

मला खरं सांगावं लागलं. बँकेत, म्हणजे आमच्या एपिसोडच्या साठ्यात, अजून आठ एपिसोड शूट होऊन पडलेत, ते दाखवून होईपर्यंत हार काही निघत नाही.

पलीकडे दोघांचं काहीतरी कुजबुजून झालं. मग काका म्हणाले, "बरं. मग ठाण्याला यायला एसटीचं तिकीट देताय का रेल्वेचं?"