थायरॉईडची गोळी सोडून टायरोसिन? कृपा करून नको

माझ्या मावशीने थायरॉईडची गोळी बंद केली. कारण फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज: ‘थायरॉईडचं मूळ टायरोसिनच्या कमतरतेत आहे. टायरोसिनच्या कॅप्सूल आणि भोपळ्याच्या बिया खा, केमिकलची गोळी कायमची सुटेल. तिने हाडं ठिसूळ होतात.’ खाली नमस्काराचे हात जोडलेले पंधरा जण, हटकणारं कुणी नाही.

एवढं खरं की थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचा हार्मोन, टायरोसिन या अमिनो आम्लापासूनच बनतं. ग्रंथीतल्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनातल्या टायरोसिनला आयोडीन चिकटतं आणि अशा दोन टायरोसिनची जोडी जमली की थायरॉक्सिन तयार. पण म्हणून टायरोसिन कमी पडतं हे कुठून आलं? ते आपलं यकृत फेनिलअलॅनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतं, शिवाय डाळ, दूध, अंडी, शेंगदाण्यांतून मिळतं ते वेगळंच. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांत थायरॉईड मंदावतो तो बहुतेकदा हाशिमोटोच्या आजाराने. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीवरच उलटते. रिपोर्टवर ‘अँटी-टीपीओ’ दिसतं ती आयोडीन चिकटवणाऱ्या विकराविरुद्धची (एन्झाइमविरुद्धची) प्रतिपिंडं. गिरणीच बिघडल्यावर दारात गव्हाची पोती टाकून पीठ मिळेल का?

मावशी म्हणते, “अगं, पण मला बरं वाटतंय.” वाटणारच! रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. सुरुवातीला काही जाणवत नाही आणि श्रेय कॅप्सूलला जातं. आतून टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारा, ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन) चढत असतो; थकवा, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावरची सूज मागाहून येतात. हाच मेसेज एखाद्या गरोदर मुलीने मनावर घेतला तर? पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. हे असलं पुढे ढकलताना हात कसा थरथरत नाही?

बाकीचे मुद्दे किरकोळ. केमिकल म्हणाल, तर गोळीतला रेणू ग्रंथी बनवते तोच आहे. हाडांचं म्हणणं अर्धं खरं: डोस जास्त झाला तर झीज होते, म्हणून तर टीएसएच तपासून डोस ठरवतात. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: उपचार लेव्होथायरॉक्सिनचाच, म्हणजे याच गोळीचा, त्यासाठी पूरक आहाराच्या गोळ्या-पावडरी वापरू नका.

गोळी घेऊनही टीएसएच उतरत नसेल, तर आधी ती घेता कशी ते बघा. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनंतर. आणि बंद केली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा.