पैसे माझे आहेत, एवढं लिहून द्यायला काय जातं?

आज चौथी फेरी आणि आजही हात हलवत परत आलो. मुलुंड पूर्वेची बँकेची शाखा, माझं खातं तिथे १९८९ पासून आहे, पहिला पगार तिथे जमा झालाय, आणि आज साडेदहापासून पावणेदोनपर्यंत बसवून घेऊन मॅडम म्हणतात, "काका, असं लेटर आम्हाला नाही देता येणार, फॉरमॅटमध्ये नाही." हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं ना. एकोणीस दिवस गेले माझे.

ज्यांनी थायलंडच्या ओ-ए व्हिसाची, म्हणजे पन्नाशी उलटलेल्यांना तिथे राहायला मिळणाऱ्या रिटायरमेंट व्हिसाची, फाईल केलीये त्यांना कळलंच असेल मी कुठल्या लेटरबद्दल बोलतोय. खात्यात आठ लाख बाथ दाखवायचे, नाहीतर महिन्याला ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवायचं, आणि स्टेटमेंट दिलं तर सोबत बँकेचं ओरिजिनल 'लेटर ऑफ गॅरंटी'. म्हणजे हे खातं या माणसाचं आहे, एवढी रक्कम आहे, हे स्टेटमेंट आम्हीच दिलंय, खाली सही-शिक्का. चार ओळी. पण गॅरंटी हा शब्द ऐकला आणि काउंटरवरच्या मुलाने मला थेट वरच्या मजल्यावर लोन डिपार्टमेंटला पाठवलं. तिथले साहेब विचारतात बेनिफिशिअरी कोण? मी म्हटलं बेनिफिशिअरी कोणी नाही, मला फक्त पत्र हवंय. मग अमाउंट किती, मुदत किती, मार्जिन म्हणून एफडीवर लीन मार्क करावं लागेल, म्हणजे ती अडकवून ठेवणार, कमिशन वेगळं, स्टॅम्प पेपर तुम्ही आणा. अर्धा तास तो माणूस मला कॉन्ट्रॅक्टरची बँक गॅरंटी समजावत होता. अहो, मला टेंडर भरायचं नाहीये, पूल बांधायचा नाहीये, मला माझ्या मुलीच्या जवळ राहायला जायचंय!

दुसऱ्या फेरीला मॅनेजर रजेवर. तिसऱ्या फेरीला एक सर्टिफिकेट दिलं, त्यावर माझ्या नावाची नुसती इनिशियल्स आणि आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सविस्तर. मी म्हटलं पूर्ण नाव घाला, तर सिस्टिममध्ये असंच आहे म्हणे. मग केवायसी नवीन, आधार, पॅन, फोटो, परत फॉर्म, तोसुद्धा दोऱ्याने बांधलेल्या त्या पेनाने जे कधीच चालत नाही. ३५ वर्षांपेक्षा जास्त ज्या नावाने चेक वटले ते नाव आज माझं नाही असं म्हणतात, म्हटलं ठीक आहे, करा. नाव दुरुस्त झालं.

आज मी पत्राचा मजकूर घरून टाइप करून नेला होता. मॅडमनी वाचला, लाल पेन काढलं आणि 'गॅरंटी' या शब्दाभोवती गोल केला. दोनदा. इतका दाबून की मागच्या कागदावर वळ उठला. मी म्हटलं मॅडम, तो शब्दच काढून टाका, हेडिंग तेवढं ठेवा, खाली 'कन्फर्म' म्हणा, व्हिसावाल्यांना समजतं. तर नाही, सिस्टिममधून प्रिंट येतं त्याच्याबाहेर एक शब्द लिहायचा तर झोनल ऑफिसची परवानगी लागते, मेल टाकते, आठ-दहा दिवस धरा. मी विचारलं यात खोटं काय आहे ते सांगा. खातं माझं नाही का? पैसे नाहीत का? सही का नाही करत? त्यावर काही उत्तर नाही, पुढचा टोकन नंबर पुकारला.

मी सोळा वर्षं थायलंडमध्ये, बँकॉकजवळच्या समुत प्राकानला, कापड रंगवायच्या डाइंग युनिटमध्ये काढली. प्रत्येक बॅच कार्डवर माझी सही असायची. शेड चुकली, माल परत आला तर त्या सहीवर बोट ठेवून मला विचारायचे, आणि मी उत्तर द्यायचो. हजारो सह्या केल्या असतील. आणि इथे समोरच्या कॉम्प्युटरवर दिसणारा आकडा खरा आहे एवढं लिहून त्याखाली सही करायची कुणाची तयारी नाही, हे बघितलं की डोकं फिरतं माझं. या बाबतीत मला समजूतदारपणा येत नाही आणि यायलाही नको.

आणि ते आठ लाख बाथ म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर आहेत. एफडीत होते, ती मोडून सेव्हिंगला आणले, कारण स्टेटमेंटवर दिसायला हवेत, मुदत संपायच्या आधी मोडली म्हणून दंड बसला, आणि आता सेव्हिंगच्या अडीच-तीन टक्क्यांवर पडून आहेत. महिन्याच्या उत्पन्नाचा पर्याय आहे ना, असं कुणी सांगू नका. ६५ हजार बाथ म्हणजे महिना पावणेदोन लाखांच्या आसपास. कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला ईपीएसचं, म्हणजे पीएफवाल्यांचं, पेन्शन किती मिळतं ते इथल्या प्रत्येकाला माहितीये, किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपयांवर अडकलंय. त्यात दोन माणसांचं रेशन येत नाही, व्हिसा कुठून येणार.

खरा राग तारखांचा आहे. पोलिस क्लिअरन्स तीन महिन्यांच्या आतला हवा आणि नोटरी केलेला. मेडिकल सर्टिफिकेट तीन महिन्यांच्या आतलं हवं, तेही नोटरी केलेलं. स्टेटमेंट ताजं हवं. इन्शुरन्स सुरू झालेला हवा. म्हणजे सगळी फळं एकाच दिवशी पिकायला हवीत, आणि एक जरी कच्चं राहिलं की बाकीची सडायला लागतात. माझा पोलिस क्लिअरन्स येत्या गुरुवारी संपतो. ५०० रुपये भरले, अपॉइंटमेंट घेतली, पासपोर्ट सेवा केंद्रात लाइन लावली, पोलिस घरी येऊन गेले, आम्ही सोळा वर्षं इथे नव्हतो याचा खुलासा त्यांना दोनदा लिहून दिला, आणि ते सगळं आता या एका पत्रापायी परत. पोलिसांनी तपासून पासपोर्ट ऑफिसने दिलेला सरकारी कागद खरा आहे हे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या नोटरीने सांगायचं, ही अट कुणाच्या डोक्यातून निघाली ते मला कुणीतरी सांगा.

मेडिकलचं तर बोलायलाच नको. फॉर्मवर काय काय आहे ते वाचलंत ना? कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, अंमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या अवस्थेतला सिफिलिस. आमचे फॅमिली डॉक्टर, ज्यांनी मुलीला पोलिओचे डोस दिले, ते फॉर्म वाचून चष्मा काढून बसले. म्हणाले, वहिनींना मी या टेस्ट कशा लिहून देऊ? माझी बायको तिथेच बसली होती, खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आयुष्यात चहापलीकडे व्यसन नाही. डॉक्टरांनी सही केली, निदान त्यांनी तरी केली, पण रक्त तपासल्याशिवाय नाही, आणि ते बरोबरच आहे त्यांचं. लॅबमधल्या मुलीला हिची शीर सापडेना, तीन ठिकाणी टोचलं, कोपरापासून मनगटापर्यंत आठवडाभर काळंनिळं होतं.

हिचा अर्ज माझी पत्नी म्हणून आहे, म्हणजे दोघांसाठी वेगवेगळे आठ-आठ लाख नकोत, पण मग मॅरेज सर्टिफिकेट लागतं. लग्न १९९१ चं, दादरच्या हॉलमध्ये, नोंदणी तेव्हा कोण करत होतं, ती नंतर थायलंडला जाताना केली. सर्टिफिकेट मराठीत, त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का. आणि एवढं करून एजंट म्हणतो की जन्माच्या दाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं आहे, अ‍ॅफिडेव्हिट करा. वेगळं असणारच! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव मी स्वतः लिहिलंय, सगळ्या वऱ्हाडासमोर. दोनशे माणसं साक्षीला होती, आता त्यांतली निम्मी वर गेली. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर आता सिद्ध करा की ती बाई आणि ही बाई एकच.

इन्शुरन्सवालेही तसलेच. १ लाख डॉलरचं कव्हर हवं, म्हणजे ३० लाख बाथ. इथली मेडिक्लेम तिथे चालत नाही. एका कंपनीने दोघांचा प्रीमियम सांगितला, तो ऐकून ही म्हणाली, "अहो, यात आपलं सहा महिन्यांचं घर चालतं." बीपी आणि शुगर त्यातून वगळलेली, म्हणजे या वयात जे होणार तेच वगळलं. बरं, तोही घेतो म्हटलं, तर थायलंडचा जो ठरलेला फॉर्म आहे त्यावर सही-शिक्का देणार नाहीत, पॉलिसीची आमची प्रिंट घ्या म्हणे. परत तेच! सही नाही.

आणि नातेवाईक. "अरे, पण थायलंड आता व्हिसा फ्री आहे ना?" एवढं एक वाक्य गेल्या दोन वर्षांत मी शंभर वेळा ऐकलंय. हो, नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवस फ्री केलं, जुलै २०२४ मध्ये ६० दिवस केलं. ते फिरायला जाणाऱ्यांसाठी. पट्टायाला जाऊन फोटो टाकायला. माझी मुलगी तिथे शिकली, तिथे नोकरी करते, नात चार वर्षांची आहे, सकाळी शाळेत सोडायला आणि दुपारी आणायला माणूस हवंय. दोन महिने राहायचं आणि बॅग भरायची, परत यायचं, परत जायचं, आणि दर वेळी एअरपोर्टवर छातीत धडधड की हा ऑफिसर विचारणार इतक्या वेळा का येता. विमानाचं भाडं तर सोडाच. ज्यांना हे कळत नाही त्यांनी निदान सल्ला देऊ नये.

अंधेरीचा एक एजंट म्हणाला, साहेब मलेशिया बघा. बघितलं. तिथल्या लाँग-स्टे व्हिसाच्या २०२४ च्या नवीन नियमात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर यांतला सगळ्यात खालचा सिल्व्हर गट, त्यालासुद्धा दीड लाख डॉलर डिपॉझिट आणि वर ६ लाख रिंगिटचं घर विकत घ्यायचं. इथे आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल की नाही यावर सात वर्षं मीटिंग चालल्यात आणि मी क्वालालंपूरला फ्लॅट घेऊ? मग म्हणतो थायलंडचाच एलटीआर, म्हणजे लाँग टर्म रेसिडेंट व्हिसा घ्या, दहा वर्षांची निश्चिंती. वर्षाला ८० हजार डॉलर पेन्शन कुठून आणू ते सांग आधी. दहा वर्षांचा आणखी एक आहे, ओ-एक्स, ३० लाख बाथ लागतात त्याला, पण तो चौदाच देशांना. जपान, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड वगैरे. भारत नाही. मी सोळा वर्षं त्या देशात टॅक्स भरला, दर ९० दिवसांनी पत्ता कळवला, एकदाही उशीर केला नाही, २००० बाथ दंडाची वेळ येऊ दिली नाही, भाषा येते, बाजारात भाव करता येतो, आणि ज्याने तो देश फक्त बीचवरून पाहिलाय तो पासपोर्टच्या रंगावर दहा वर्षं राहणार. हे मला लागतं. खूप लागतं.

व्हिसा मिळाला तरी संपत नाही हे माहितीये मला. पुढे तिथेच मुदत वाढवायची तर आठ लाख बाथ थायलंडच्या बँकेत हवेत, अर्जाच्या दोन महिने आधीपासून, नंतर तीन महिने, आणि त्यानंतरही चार लाखांच्या खाली जायचं नाही, आणि ते इथून पाठवायचे तर एका वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापणार, मग रिटर्न भरून तो परत मिळेपर्यंत वाट बघायची, आणि हे सगळं त्याच बँकेतून, त्याच मॅडमसमोर बसून करायचंय.

आज रात्री नातीचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, बँकेचं झालं?" चार वर्षांच्या पोरीला बँक हा शब्द पाठ झालाय. मी म्हटलं होतंय, होतंय. ही बाजूला बसली होती, काही बोलली नाही, कॉल संपल्यावर एवढंच विचारलं की रक्त परत द्यावं लागेल का. तिच्या रिपोर्टला आज अकरा आठवडे झाले. बँकेचे आठ-दहा दिवस धरले की तो संपल्यातच जमा. सोमवारी सकाळी साडेसातला लॅबमध्ये नाव घातलंय तिचं, उपाशीपोटी. फोनवर सांगून ठेवलंय की मागच्या वेळची मुलगी नको, कुणीतरी अनुभवी माणूस पाठवा, आणि या वेळी डाव्या हातातून घ्या.