फ्युज उडाला? घरीच बघून घ्या की मालक

हॉर्न वाजंना, एक हेडलाईट बंद, नाहीतर सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक. असल्या किरकोळ कामाला आपण सोलापूरकरांनी इलेक्ट्रिशियनकडं जायचं म्हणजे कमीपणाच की. तो टेस्ट लॅम्प घेऊन वायरीमागं वायर शोधत बसणार आणि शेवटी म्हणणार, अर्थिंगचा नट गंजलाय, पॉलिश पेपर मारला, झालं. एवढ्याचे पैसे द्यायचे? आपल्याकडं पाना आहे, काळी टेप आहे, मोबाईलमध्ये व्हिडिओ आहेत.

वेळ मात्र मे महिन्यातली, दुपारी दोनची धरा. पारा 42-43 वर, बॉनेटला हात लावला की चटका. गल्लीतलं कोणतरी "काय करूलालास बे?" म्हणत उभं राहतंच, त्याला टॉर्च धरायला लावा.

मॅन्युअलात लिहिलेलं असतं, बॅटरीची काळी वायर आधी काढा आणि बसवताना शेवटी लावा. ते भित्र्या लोकांसाठी. तुम्ही सरळ लाल टर्मिनलला पाना लावा, अंगठी-बिंगठी पण काढू नका. पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं की जी ठिणगी उडते तिनं पान्याला खाच पडते, तो पाना जपून ठेवा, पार्क चौकात चहा पिताना दाखवायला बरा. बॅटरीत पाणी कमी असलं तर डिस्टिल वॉटर कशाला विकत, नळाला पाणी येईल त्या दिवशी एक तांब्या ओता, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात, बसू दे.

आता मेन विषय, फ्युज. लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा, आणि कुठला कुठं ते डब्याच्या झाकणावर छापलेलं असतं. ही सगळी रंगपंचमी कंपनीनं आपल्याला घाबरवायला केलीय. 15 चा उडाला की 30 चा टाका, परत उडायचं टेन्शनच नाही. 30 चा नसला तर पोराच्या चॉकलेटची चांदी घ्या, बारीक घडी घाला, उडालेल्या फ्युजच्या दोन्ही पायांना गुंडाळा आणि दाबून बसवा. वाजला का हॉर्न? वाजला! फ्युज का उडाला होता, कुठली वायर घासून बॉडीला लागलीय, असले प्रश्न विचारत बसू नका. फ्युजचं कामच ते, करंट वाढला की पहिला जीव देऊन वायर वाचवायची. तुम्ही चांदी लावून फ्युजला अमर केलं, आता जीव द्यायला डॅशबोर्डामागं अख्खी वायरिंग पडलीय. प्लास्टिक जळल्याचा वास आला तर काच खाली करा. स्टेरिंगखालनं धूर आला तर एसी लावा.

हेडलाईटला कंपनीचा 60/55 वॅटचा बल्ब म्हणजे दिवाबत्ती. 100/90 चा टाका, रिले (बल्बचा जादा करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा खटका) न लावता. होल्डर वितळतोय तोवर विजापूर रोडला समोरच्याचे डोळे दिपवून घ्या. शेंगा चटणी-भाकरी खाल्लेल्या तेलकट बोटांनी हॅलोजनची काच धरायची, म्हणजे तेल लागलेल्या जागी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो आणि बल्ब बदलायची प्रॅक्टिस होते. जोड मारताना वायरी नुसत्या पिळा, वर टेप गुंडाळा. आपल्या उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन टेप आपोआप सुटते, म्हणजे जोड उघडून बघायचा त्रास वाचला.

एवढं करून गाडी टोचन करून गॅरेजला न्यायची वेळ आलीच, तर मिस्त्री पहिलं विचारणार, "आधी कुणी हात लावलता का?" नाही म्हणू नका, चांदी दिसतेच त्याला. दाजींनी केलं म्हणायचं. दाजी पुण्याला असतात, ते कशाला येतायत चौकशीला.