मोठा रेडिएटर लावला की बिल वाढतं? हे खरं नाहीये
थंडी सुरू झाली की यूकेतल्या आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रेडिएटरबद्दल (बॉयलरचं गरम पाणी आत फिरून खोली तापवणारं भिंतीवरचं पॅनल) हा मेसेज फिरतोच: हॉलला छोटा रेडिएटर घ्या म्हणजे बिल कमी येतं, स्क्वेअर फुटाला एका आकड्याने गुणा की साइझ मिळाली, खिडकीखाली लावू नका, रेडिएटरवरचा आकड्यांचा व्हॉल्व्ह 5 वर ठेवा म्हणजे खोली पटकन तापते. नवीन घर घेतलेली मंडळी हे वाचून खरेदी करतात आणि मग हिवाळाभर कुडकुडतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. बिल ठरतं घरातून उष्णता किती बाहेर जाते आणि बॉयलर कसा चालतो यावर. रेडिएटर छोटा असला की खोली उबदार ठेवायला पाणी 70-75 अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि आताचे कंडेन्सिंग बॉयलर खरा फायदा देतात तो परत येणारं पाणी साधारण 55 च्या खाली असलं तरच, कारण तेव्हाच धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता आपल्याला मिळते. मोठा रेडिएटर कोमट पाण्यावरही तेवढीच ऊब देतो. इंग्लंडमधे जून 2022 पासून नवीन सिस्टिम शक्य तिथे 55 अंश किंवा कमी तापमानासाठीच डिझाइन करायचा नियम आहे, तो उगाच नाही. आणि कॅटलॉगमधले वॅट नीट बघा, ते पाणी खोलीपेक्षा सरासरी 50 अंश गरम धरून लिहिलेले असतात, फरक 30 चा झाला की 1500 वॅटचा रेडिएटर जेमतेम 770 देतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं, कमी गरम पाण्यावर चालणारं यंत्र) लावायचा विचार असेल तर हे आधी बघाच. भिंतीवर जागा नसेल तर त्याच लांबी-उंचीचा सिंगल पॅनल टाइप 11 काढून डबल पॅनल टाइप 22 घ्या, जवळजवळ पावणेदोनपट उष्णता मिळते.

स्क्वेअर फुटाचं गणित तर सोडूनच द्या. नऊ इंची विटांच्या भिंती, उंच छत आणि बे विंडो (भिंतीबाहेर आलेली मोठी खिडकी) असलेला व्हिक्टोरियन हॉल आणि इन्सुलेशन भरलेल्या नव्या घरातला तेवढाच हॉल यांची गरज एक कशी असेल? खोलीचा हीट लॉस, म्हणजे तिच्यातून उष्णता किती बाहेर जाते ते, काढून घ्या.

खिडकी सिंगल काचेची असेल तर खाली घसरणारी गार हवा अडवायला रेडिएटर तिथेच हवा, चांगली डबल ग्लेझिंग असेल तर आतली भिंतही चालते. उष्णता खरी वाया जाते ती रेडिएटरवर लांब पडदा सोडल्यामुळे आणि सोफा चिकटवल्यामुळे, आणि बाहेरची भिंत इन्सुलेशन नसलेली असेल तर रेडिएटरमागे उष्णता परतवणारी फॉइल लावा.

व्हॉल्व्हवरचा 5 म्हणजे वेग नाही, खोली किती गरम झाल्यावर बंद व्हायचं ते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट हॉलमधेच असेल तर तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर दोघांची ओढाताण होते.

बसवताना टाइप 22 पाण्यासकट चांगलाच जड होतो, प्लास्टरबोर्डच्या भिंतीवर साधे प्लग चालणार नाहीत. सिस्टिम रिकामी केली असेल तर परत भरताना इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) टाकायला लावा आणि फिटर घरात असतानाच लॉकशील्ड (प्रत्येक रेडिएटरमधून किती पाणी जायचं ते ठरवणारा दुसरा व्हॉल्व्ह) बॅलन्स करून घ्या, नाहीतर हॉल तापेल आणि वरची बेडरूम गारच राहील.