गाडी पावसानं नाही, कव्हरनं भिजली: एक स्टार रिव्ह्यूला यार्डमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, हरकत नाही. पण ‘महिन्याचं भाडं घेऊन स्पोर्ट्स कार पावसात सडवली’ असं लिहिलंत, ते वाचून बाकीच्यांचा गैरसमज होईल, म्हणून उत्तर इथंच देतो. तुमच्या तक्रारी तीन: आत बुरशी आली, चाकं जाम झाली आणि आम्ही आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू केलं नाही.

साताऱ्यातलं आपलं गाड्या ठेवायचं यार्ड उघडं आहे. मुरूम दाबून वर खडी, कंपाउंड, कॅमेरे, रात्री वॉचमन. पावतीवरही ‘उघडी जागा’ असंच छापलंय. जूनमध्ये शेडचा दर सांगितला, तेव्हा ‘कव्हर वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही’ म्हणालात. वर ‘पेंटला ओरखडे पडतील, कव्हरला कुणी हात लावायचा नाही’ अशी ताकीदही दिलीत.

मुख्य घोळ त्या कव्हरनंच केला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास. पण शेजारच्या यवतेश्वरच्या डोंगराकडून ढग खाली उतरले की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या वर गेला की उघडं लोखंड गंज धरायला लागतं. प्लॅस्टिकचं कव्हर बाहेरचं पाणी अडवतं, तशी आतली वाफही कोंडून ठेवतं. जमिनीतली ओल वर येते आणि रात्री कव्हर गार पडलं की आतून पाणी सुटतं. सप्टेंबरात कास पठारावर जाताना तुम्ही गाडी न्यायला आलात, त्या दिवशी कव्हर वरून कोरडं ठणठणीत होतं. आतून हात फिरवला तर बोटं ओली. बॉनेटवरचे पांढुरके डाग त्याचेच.

आत बुरशी आली ती सीटमागं साचलेल्या पाण्यानंही, आणि त्या पाण्याचं कारण वेगळं. तुमच्यासारख्या कापडी छपराच्या गाडीला पाणी वाहून जायला कडेनं बारीक नळ्या असतात, त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं. तुमच्या गाडीच्या नळीतून चिंचेचा पाला निघाला. आमच्या यार्डात चिंचेचं झाड नाही.

जाम झालेल्या चाकांचं म्हणाल, तर गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावू, हँडब्रेक ओढू नका, असं सांगितलं होतं. तुम्ही हँडब्रेक ओढून चावी पुण्याला नेलीत; ओलीत ब्रेक तसाच ओढलेला राहिला की चिकटतो. ब्रेकच्या डिस्कवरचा तांबूस थर मात्र नुसता वरवरचा आहे, चार ब्रेक मारले की जातो. त्याला नुकसान म्हणू नका.

आणि ते पाच मिनिटांचं स्टार्टिंग. चावी असती तरी केलं नसतं. लिटरभर पेट्रोल जळालं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं नाही तर त्यातलं बरंचसं सायलेन्सरमध्ये आणि थोडं ऑइलमध्ये राहतं. बॅटरीही चार्ज होत नाही, उलट सेल्फ मारण्यात उतरते. त्यापेक्षा ट्रिकल चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर लावावा.

इतर गाडीवाल्यांसाठी एवढंच: पावसाळ्यात उघड्यावर ठेवायचीच असेल तर हवा खेळती राहील असं कव्हर घ्या, गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावरच घाला, उघडीप मिळाली की काढून ऊन दाखवा. आत कपाटात ठेवतात तसले ओल शोषणारे डबे ठेवा, भरले की बदला.

साहेब, भाडं परत मिळणार नाही. पण परफ्युम मारून बुरशीचा वास जायचा नाही. सीट उतरवून कार्पेट बाहेर काढावं लागेल. काही गाड्यांत सीटखालीच कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक डबा असतो, तिथं पाणी गेलं असेल तर मोठा खर्च निघेल, म्हणून आधी ते बघून घ्या. आमच्याकडे आणलीत तर मजुरी घेणार नाही, सामानाचे तेवढे पैसे द्या. येताना ते कव्हर आणू नका.